कोकणातून रॉक कॉन्सर्टला जाताना

पाश्चात्त्य रॉक संगीतातला एखादा जुना बँड प्रत्यक्ष ऐकावा अशी इच्छा कोकणातल्या माणसाला झाली, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न कॉन्सर्टच्या तिकिटाचा नसून परतीच्या गाडीचा असतो. कार्यक्रम दोन-अडीच तासांचा असतो, पण त्यासाठी जाताना एक आणि येताना एक अशा दोन रात्री रेल्वेत जातात. कणकवलीहून अशा काही वाऱ्या केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, या तयारीचा निम्मा भाग कोकण रेल्वेच्या वेळापत्रकाचा आणि निम्मा स्वतःच्या कानांचा आहे, आणि दुसऱ्या भागाकडे आपल्यापैकी जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. पहिल्या खेपेला मीही केले होते. त्याची हकिगत पुढे येईलच.

मुंबईत असे कार्यक्रम कोठे होतात हे आधी समजून घ्यावे, कारण मैदानावरून गाडी ठरते. १९८० च्या मार्चमध्ये ‘द पोलीस’ हा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजला होता. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले आणि दक्षिण मुंबईतली ही वर्दळ हळूहळू उपनगरांकडे आणि खाडीपलीकडे सरकली. ‘रोलिंग स्टोन्स’ २००३ च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, ‘पिंक फ्लॉइड’चे रॉजर वॉटर्स २००७ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर, ‘यू टू’ १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि ‘गन्स अँड रोझेस’ १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर. यांपैकी आपल्याला सर्वांत सोयीचे नेरूळ. तेथे जाण्यासाठी मुंबईत शिरावेच लागत नाही. पहाटे पनवेलला उतरावे, हार्बरची लोकल धरावी आणि अर्ध्या तासात नेरूळ गाठावे. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी कुर्ल्याला उतरले की परतीला हार्बरने थेट पनवेल मिळते. महालक्ष्मी पश्चिम रेल्वेवर असली तरी धीम्या लोकलने दादरपर्यंत मध्ये लोअर परळ आणि प्रभादेवी एवढी दोनच स्थानके लागतात, त्यामुळे तीही फारशी अडचणीची नाही.

उघड्या मैदानावरचे मोठे कार्यक्रम पावसाळ्यात सहसा होत नाहीत, त्यामुळे भाताची लावणी आणि गणपती हे दोन्ही आपोआप सुटतात. अडचण होते ती आंब्याच्या दिवसांत. २०२५ च्या मे महिन्यातल्या त्या कार्यक्रमाच्या वेळी बागेत काढणीचा शेवटचा हप्ता चालू होता आणि घरच्यांनी मला ज्या नजरेने निरोप दिला ती मी विसरलेलो नाही. मात्र त्या दिवसांत जाण्याचा एक फायदाही आहे, तो असा की हापूसची एक पेटी बरोबर नेली की मुंबईतल्या नातेवाइकाकडे मुक्कामाचा प्रश्न उरत नाही.

तिकीट काढण्यापूर्वी त्या बँडमध्ये आज कोण आहे हे तपासावे. नाव तेच असले तरी माणसे तीच असतील असे नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ‘गन्स अँड रोझेस’ मुंबईत आला, तेव्हा जुन्या मंडळींपैकी गायक ॲक्सल रोझ आणि कीबोर्डवादक डिझी रीड एवढेच त्यात होते. गिटारवादक स्लॅश आणि बासवादक (खर्जाची गिटार वाजवणारा) डफ मॅकेगन २०१६ मध्ये परतले, आणि म्हणून २०२५ चा कार्यक्रम हा नावाने तोच असला तरी प्रत्यक्षात वेगळ्याच बँडचा होता. ‘डीप पर्पल’ १९६८ मध्ये स्थापन झाला. त्याच्या प्रत्येक संचात असलेला एकमेव वादक म्हणजे ड्रमर इयन पेस. ऑर्गनवादक जॉन लॉर्ड २०१२ मध्ये वारले आणि २०२२ पासून गिटारला सायमन मॅकब्राइड आहे. याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. दशावतारी मंडळात बापाचा राजपार्ट मुलगा करू लागतो आणि मंडळाचे नाव चालू राहते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यानंतरही ‘क्वीन’चे ब्रायन मे आणि रॉजर टेलर दुसऱ्या गायकाला घेऊन दौरे करत राहिले, ते याच न्यायाने. (हा फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथल्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर आणि त्याच्या पुढे पाचगणी. म्हणजे रॉकचा हा एक धागा आपल्या डोक्यावरच्या सह्याद्रीत आहे.) माझा स्वतःचा निकष एवढाच आहे: गायक बदलला तर जाण्याबद्दल विचार करावा, गिटारवादक बदलला तर ध्वनिमुद्रण ऐकून ठरवावे, पण जुना ड्रमर शिल्लक असेल तर जावेच. पखवाजवाला बदलला की डबलबारीतला (दोन बुवांच्या भजनी सामन्यातला) बुवा निराळाच वाटू लागतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा निकष समजावून सांगावा लागणार नाही. ‘रोलिंग स्टोन्स’चे ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये वारले, तेव्हा ‘स्टोन्स’ ऐकून घेतल्याचे समाधान ब्रेबॉर्नला गेलेल्यांना वाटले असणार.

विक्री ठरावीक दिवशी ठरावीक वेळी ऑनलाइन सुरू होते आणि रांगही ऑनलाइनच असते. आमच्या वाडीत घरात बसून मोबाइलला रेंज मिळत नाही, ती सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर मिळते. मी भर दुपारी कातळावर छत्री उघडून, मोबाइल छत्रीच्या सावलीत धरून रांगेत बसलो होतो. आकडा हजारोंवरून शेकड्यांवर यायला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात गुरे घेऊन आलेल्या एका आजोबांनी ‘कसली माहिती भरताय’ म्हणून दोनदा चौकशी केली. ज्यांना शक्य आहे त्यांनी तालुक्याच्या गावी, फायबरची जोडणी असलेल्या मित्राकडे बसावे, आपले खाते आणि पैसे भरण्याची सोय आदल्या दिवशी तपासून ठेवावी आणि पान वारंवार रिफ्रेश करू नये, कारण त्याने रांगेतला क्रमांक जाण्याची भीती असते. प्रवेशाचा मनगटपट्टा कुरिअरने येणार असेल तर पत्ता गावाचा न देता मुंबईतल्या नातेवाइकाचा द्यावा. एका खेपेला माझा पट्टा गावापर्यंत पोहोचलाच नाही. तो कुडाळच्या एका कचेरीत चार दिवस पडून होता आणि निघण्याच्या दिवशी सकाळी मी तो स्वतः जाऊन शोधून आणला.

कॉन्सर्टचे तिकीट हाती आले की त्याच संध्याकाळी रेल्वेची तारीख मोजावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तर कॉन्सर्टची तिकिटे पुष्कळदा त्याच्याही आधी विकली जातात. म्हणून कॅलेंडरवर दोन्ही दिशांच्या खुणा करून ठेवाव्यात. जाताना आदल्या रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी धरावी. दिवसाची मांडवी मुंबईला रात्री पोहोचते, म्हणून त्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी ती निरुपयोगी आहे. परतताना कोकणकन्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून अकराच्या सुमारास सुटते आणि तुतारी दादरहून मध्यरात्रीनंतर. येथे एक सापळा आहे. तुतारी बारा वाजून गेल्यावर सुटत असल्यामुळे शनिवारच्या कार्यक्रमानंतरची तुतारी ही कागदोपत्री रविवारची गाडी असते. माझ्या एका मित्राने शनिवारचे तिकीट काढले आणि तो दादरला पोहोचला तेव्हा त्याची गाडी चोवीस तासांपूर्वी निघून गेली होती. उरलेला प्रवास त्याने साध्या डब्यात, शौचालयाच्या दाराशी पिशवीवर बसून केला. पनवेलहून चढणाऱ्यांनी तर कोकणकन्येचीही तारीख नीट पाहावी, कारण तेथे तीही मध्यरात्र उलटल्यावर येते. स्वतःची गाडी घेऊन महामार्गाने जाण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी परतीच्या रात्री ती चालवणार कोण, याचे उत्तर आधी द्यावे.

या वेळापत्रकात आपल्याला कायद्याचा मोठा आधार आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, पण ती सवलत सणांसाठी जाते. त्यामुळे मुंबईतला उघड्यावरचा कार्यक्रम सहसा दहाला संपतो. रात्रभर चालणाऱ्या दशावतारावर वाढलेल्या माणसाला हे फारच लवकर वाटते खरे, पण मध्यरात्रीची तुतारी त्यामुळेच पदरात पडते.

त्या दिवशी पायांत चप्पल नसावी, पट्ट्यांची सँडलही नसावी. गर्दीत पायावर पाय पडतात, म्हणून जुने, सरावाचे बूट घालावेत. काळा टी-शर्ट ही या लोकांची वर्दीच आहे, तेव्हा तो घालावा, पण सुती घालावा. मोठी पिशवी, पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक यांना प्रवेशद्वारावर बहुधा अडवतात, म्हणून सामान नातेवाइकाकडे किंवा स्थानकावरच्या सामानघरात ठेवावे आणि मोबाइल पूर्ण चार्ज करून तो संध्याकाळपर्यंत शक्यतो बंद ठेवावा, कारण तिकीट त्यातच असते. दुपारी पोटभर भात खाऊन निघावे. आतले खाणे महाग आणि रांगा लांब असतात.

उभे कोठे राहावे यावर मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथेच बहुतेक जण चुकतात. नवखा माणूस दुपारपासून ताटकळत सगळ्यांत पुढच्या कठड्याला जाऊन चिकटतो. तेथून गिटारवादकाची बोटे दिसतात हे खरे, पण ऐकू येतो तो प्रामुख्याने मंचाखालच्या मोठ्या स्पीकरांचा घुमारा आणि ड्रमचा थेट आवाज. मुख्य स्पीकर उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख आपल्या डोक्यावरून मागे जातो, म्हणून गायकाचे शब्द पुढच्या रांगेतच सर्वांत अस्पष्ट असतात. मैदानाच्या मध्यावर, मंचासमोर, एक कुंपण घातलेला तंबू असतो. सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणारा साउंड इंजिनिअर तेथे बसतो आणि जे त्याच्या कानाला चांगले वाटते तेच तो सगळ्या मैदानाला पाठवतो. त्या तंबूच्या थोडे पुढे, मध्यरेषेपासून किंचित बाजूला उभे राहावे. तेथे बासचा स्वर आणि बासचा घुमारा वेगळा ओळखता येतो, झांजेची किनार ऐकू येते आणि दोन गिटार वाजत असतील तर कोणती डावीकडे आणि कोणती उजवीकडे हेही कळते. स्लॅशची लेस पॉल गिटार आणि दुसऱ्या एखाद्याची स्ट्रॅटोकास्टर यांच्या आवाजातला जाड-पातळ फरक मला पहिल्यांदा कानांनी कळला तो या जागेवर. त्याआधी तो नुसता वाचलेला होता.

त्याच्या मागे गेल्यावर आणखी एक गंमत अनुभवाला येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मंचापासून शंभर मीटरवर तो जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो. खाडीच्या पलीकडे कोणी कपडे धोपटत असेल तर हात वर गेल्यावर धप्प ऐकू येते, तसाच हा प्रकार: ड्रमरची काठी झांजेवर पडलेली दिसते आणि ठोका नंतर येतो. मोठ्या मैदानांवर मध्येच उभारलेल्या मनोऱ्यांवरच्या स्पीकरांना म्हणूनच मुद्दाम तेवढा उशीर लावलेला असतो, जेणेकरून पुढचा आणि मधला आवाज एकाच वेळी कानावर पडावा. दोन मनोऱ्यांच्या मधोमध उभे राहू नये, तेथे प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येण्याचा संभव असतो. संध्याकाळी खारा वारा सुटला की झांजा आणि शब्द लाटांसारखे जवळ-दूर होतात. त्यावर इलाज नाही, एवढेच की मंच पश्चिमेला असेल तर तो वारा आपल्या बाजूचा असतो.

आता कानांविषयी. ‘डीप पर्पल’ने १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात ११७ डेसिबलचा आवाज काढला आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात नाव मिळवले. त्या काळी ते भूषण होते. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड मात्र कानातल्या कायमच्या गुणगुणीबद्दल पुढे वर्षानुवर्षे बोलत राहिला. हिशेब सोपा आणि निर्दय आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरतात, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटे. कॉन्सर्ट दोन-अडीच तास चालते आणि पुढच्या भागात आवाज १०० च्या आसपास सहज असतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे आवाज कमी करतात, पण झांजा आणि शब्द जास्त दाबतात, त्यामुळे सगळे घोंगडीखालून ऐकल्यासारखे वाटते. वादकांसाठी बनवलेले, आत फिल्टर असलेले सिलिकॉनचे इअरप्लग ऑनलाइन मिळतात. ते सगळ्या स्वरांना साधारण सारखेच खाली आणतात आणि गोंगाटातून गायकाचा आवाज उलट स्वच्छ बाहेर येतो. ते पहिल्या गाण्याआधी घालावेत, मध्येच नव्हे, आणि बरोबर मूल असेल तर त्याला कानांवर बसणारे मोठे इअरमफ घालावेत.

मुख्य बँडच्या आधी एखादा लहान बँड वाजतो. पुष्कळ लोक त्या वेळी खाण्याच्या रांगेत असतात. आपण तसे करू नये. आख्यानाआधी आडदशावतार होतो, संकासुर येऊन चार टोमणे मारून जातो आणि तेवढ्यात प्रेक्षक सावरून बसतात, तसेच त्या बँडचे काम असते. शिवाय आपली जागा आणि कानातले प्लग तपासून घ्यायला ती अर्ध्या तासाची संधी उत्तम असते.

गायक सत्तरी ओलांडलेला असेल तर ध्वनिमुद्रणातला सूर मागू नये. ‘डीप पर्पल’चा इयन गिलन १९४५ चा, ‘रोलिंग स्टोन्स’चा मिक जॅगर १९४३ चा. जुने बँड अनेकदा गाणे अर्ध्या स्वराने उतरवून घेतात. काळी दोनमधले गाणे पांढरी दोनमध्ये आले की सरावलेल्या कानाला ते प्रथम मलूल वाटते आणि मग सवय होते. (‘गन्स अँड रोझेस’च्या गिटारी मात्र सुरुवातीपासूनच अर्धा स्वर खाली लावलेल्या असतात, तेव्हा तेथे वयाला दोष देऊ नये.) ज्या उंच किंकाळीसाठी आपण इतक्या लांबून आलो ती गायक कशी टाळतो, कोरसवर कशी सोपवतो, किंवा एकदाच, अगदी शेवटच्या कडव्यात कशी घेतो, हे पाहण्यात मला तरुण गायकाच्या सरसकट किंकाळ्यांपेक्षा जास्त रस वाटतो. जाण्याआधी त्या बँडची गाजलेली दहा गाणी ऐकण्याऐवजी त्याचे एखादे संपूर्ण लाइव्ह ध्वनिमुद्रण दोनदा ऐकावे, म्हणजे गाण्यातला कोणता भाग लांबवला जातो ते कळते. चालू दौऱ्यात कोणती गाणी कोणत्या क्रमाने होतात याच्या याद्या ऑनलाइन मिळतात. मी त्यातला फक्त शेवट पाहून ठेवतो, तो गाडीच्या हिशेबासाठी, आणि बाकीचे झाकून ठेवतो. मोबाइलवर एक गाणे चित्रित करावे आणि मग तो खिशात ठेवावा. पुन्हा कोणी पाहत नाही.

शेवटाकडे एक फसवी जागा येते. बँड निरोप घेतो, मंचावर अंधार होतो आणि ओरडा सुरू होतो. आपल्या संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ प्रेक्षकांच्या मर्जीचा असतो. येथला आधीच ठरलेला असतो आणि सर्वांत गाजलेले गाणे पुष्कळदा त्याच्यासाठीच राखून ठेवलेले असते, भजनातल्या शेवटच्या गजरासारखे. म्हणून मैदानाचे मोठे दिवे लागेपर्यंत मैदान सोडू नये. ते गाणे सुरू झाले की मात्र हळूहळू कडेला सरकावे, बाहेर पडण्याची वाट दुपारीच पाहून ठेवलेली असावी आणि गर्दी दाटली तर तिच्या विरुद्ध न जाता तिरके होत बाजूला निघावे. रिक्षा-टॅक्सी शोधत बसण्यापेक्षा स्थानकापर्यंत चालत गेल्याने लवकर पोहोचता येते. परतीच्या लोकलचे तिकीट सकाळीच काढून ठेवावे.

२००७ च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स ऐकून मी कुर्ल्याहून ठाण्याला आलो आणि कोकणकन्या धरली. कानात काही घातले नव्हते. स्पीकरांच्या अगदी पुढ्यात उभा होतो. रात्रभर कानात टिटवी ओरडत होती. सकाळी कणकवलीला उतरलो आणि रिक्षावाल्याने विचारले, “मुंबयसून इलात?” मी उत्तर दिले, भाडे विचारले, वाटेत थांबून चहा घेऊ या असेही सुचवले. तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, “हळू बोला ओ, मी भैरो नाय.”

गुणगुण दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. ती दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे.